मिशी राखलेला इसम

“ह्योच,” ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला आधी हसूच आलं. सकाळचे अकरा वाजले होते. सब-जेलच्या अंगणात आम्ही सातजण भिंतीला पाठ लावून ओळीने उभे होतो आणि त्या सातांतला खरा आरोपी माझ्यापासून दोन माणसं पलीकडे होता. यल्लाप्पा धोत्रे त्याचं नाव. बाकीचे आम्ही सहाजण भरतीचे. ओळख परेडचा नियमच तसा असतो. आरोपीला एकट्यालाच उभं केलं तर कुणीही सांगेल की हाच चोर. म्हणून त्याच्या वयाची, त्याच्या अंगलटीची आणखी माणसं शेजारी उभी करायची आणि साक्षीदाराने त्यातून नेमका माणूस हात लावून दाखवायचा.

“बाई, घाई करू नका,” नायब तहसीलदार हर्डीकर साहेब म्हणाले. परेड घ्यायचं काम त्यांचं. पोलिसांना त्या वेळी आत येता येत नाही. “पुन्हा एकदा पहिल्यापासून या. प्रत्येकाकडे नीट बघा.”

मालन गुरव पुन्हा पहिल्यापासून चालत आली. पस्तिशीची बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. यल्लाप्पासमोरून ती न थांबता गेली. माझ्यापुढे येऊन थांबली. या खेपेला हात ठेवला तो काढेचना. तिच्या बोटांची थरथर मला सदऱ्यातून कळत होती.

“ह्योच हाय सायेब. मरंस्तवर इसरायची न्हाई मी ह्ये तोंड.”

माझं हसू तिथल्या तिथे जिरलं.

ही १९८४ सालची गोष्ट. येळवणच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझं टेबल होतं. टेबलावर मराठी टाइपरायटर, समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी, ज्याला जे हवं ते मी टाइप करून द्यायचो. सब-जेल कचेरीच्याच आवारात होतं, त्यामुळे परेडला माणूस कमी पडला की साहेबांचा शिपाई आधी माझ्याकडे यायचा. “चला बिडकरअण्णा, आजचा तुमच्यासारखाच आहे,” एवढं म्हणायचा. त्याआधी दोनदा मी असा उभा राहिलो होतो. वीस मिनिटं उभं राहायचं, वर चहा मिळायचा. चोर म्हणून निवड होण्याचा मान पहिल्यांदाच मिळाला.

भरतीचा माणूस साक्षीदाराच्या ओळखीचा असता कामा नये, असाही एक नियम आहे. हर्डीकर साहेब नियमाचे पक्के. त्यांनी मला आत घेण्यापूर्वी विचारलं होतं, “बिडकर, ही बाई तुम्ही कधी पाहिलेली नाही ना?” आणि मी ठणकावून सांगितलं होतं, “कधीच नाही, साहेब.”

घडलं होतं ते असं. सात आठवड्यांपूर्वी, दुपारी दोनच्या सुमाराला, मालन बालवाडीतून घरी चालली होती. ती तिथे मदतनीस होती. पाटाच्या कडेची वाट, दोन्ही बाजूंना ऊस. उसातून एकजण बाहेर आला, त्याने तिच्या गळ्याला कोयता लावला, मंगळसूत्र ओढून तोडलं आणि परत उसात गेला. तिसऱ्या दिवशी फौजदार जगदाळ्यांनी यल्लाप्पाला धरलं. पाटाच्या पलीकडे त्याची झोपडी होती. पाटा-वरवंट्यांना, जात्यांना छिन्नीने टाकी लावत तो गावोगाव फिरायचा. झोपडीत एक कोयता सापडला. वर्णन जुळलं. मंगळसूत्र काही सापडलं नाही.

तेव्हापासून त्याची बायको नागव्वा रोज माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला टेकून बसायची. फडक्यात भाकरी बांधून आणायची आणि शिपाई आत घेईपर्यंत तशीच बसून राहायची. त्या दिवशी मी परेडमधून बाहेर आलो तशी ती उठून उभी राहिली.

“अण्णा, वळीकलं?”

“नाही. तुझ्या नवऱ्याला नाही ओळखलं.”

“मग सोडत्यात?”

तेवढ्यात फाटकाशी जगदाळे आले. मोठा हसरा माणूस. खोटी केस करणारा नव्हता, हे सांगायला हवं. यल्लाप्पाच चोर आहे अशी त्यांची मनापासून खात्री होती.

“काय बिडकर, मंगळसूत्र देतोस का आता काढून?” ते म्हणाले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “बाई घाबरली रे. तुला गावात कुठंतरी बघितलं असंल, घातला घोळ. पुढच्या शुक्रवारी परत परेड लावायची परवानगी काढतोय. या टायमाला सगळी माणसं बाहेरगावची. आणि बाईला मी जरा समजावून सांगतो.”

समजावून सांगतो याचा अर्थ मला कळला. नागव्वालाही कळला असावा, कारण ती परत खाली बसली. शुक्रवारी मालनने यल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला की तो पाच-सात वर्षं आत गेला.

गावाला मात्र गंमत मिळाली. पानपट्टीवाला गुलाब मला बघून गल्ल्यावर झाकण ठेवायचा. “चोर सोडून संन्याशाला फाशी,” असं म्हणून वर माझ्याकडूनच पानाचे पैसे घ्यायचा. घरी शैला, माझी बायको, जेवायला वाढताना गळ्याला हात लावून म्हणाली, “थांबा हं, माझं जागेवर आहे का बघते.” मी चिडलो नाही. खरं तर मला चिडायला सुचलंच नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: सातांतून मीच का? ती बाई खोटं बोलत नव्हती. तिचा हात मी अनुभवला होता. मला बघून ती मुळापासून हादरली होती, आणि मी तर आयुष्यात कुणाच्या गळ्याला नखसुद्धा लावलेलं नाही. मग माझं तोंड तिच्या डोक्यात गेलं कुठून?

मंगळवारी दुपारी मी बालवाडीवर गेलो. मुलं घरी गेली होती. ती चुलीवरची पातेली घासायला काढत होती. मला बघताच तिने हातातली पळी उलटी धरली.

“हितं कशाला आलाय?”

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. “बाई, मी चोर नाही.”

“ठावं हाय. फौजदारांनी सांगिटलंय. टायपिस्ट हाय तुमी.”

“मग पटलं ना?”

“डोक्याला पटलंय,” ती म्हणाली. “डोळ्याला न्हाई. डोळं मिटलं की कोयता दिसतो आन् त्येच्यामागं तुमचं तोंड. मी काय करू?”

हे ती इतकं कळवळून म्हणाली की मी पायरीवर बसलोच. म्हटलं, “मला काही ओळखायला लावायचं नाही तुम्हाला. फक्त विचारतो. कोयता कसा होता?”

तिला आठवावं लागलं नाही. “मूठ बाभळीची. मुठीला सुतळीचं सात येढं, आन् श्येवटच्या गाठीत हिरवा दोरा. पात्याच्या टोकापासनं दोन बोटांवर खाच पडल्याली, ज्वारीच्या दाण्याएवढी. कडंला ताजा उसाचा चीक वाळल्याला.”

“एवढं दिसलं?”

“दुसरं कायच दिसत नव्हतं.”

“आणि मूठ धरलेला हात? काळा, गोरा? बोटात अंगठी?”

“हात...” ती म्हणाली. “मूठ दिसती. हात दिसत न्हाई वो.”

“अंगावर काय होतं?”

“न्हाई दिसलं.”

“उंच की बुटका?”

“मध्यम उंचीचा,” ती पटकन म्हणाली. हे शब्द तिच्या बोलण्यातले नव्हते. “कागदात लिवलंय तसं. फौजदारांनी वाचून दावलंय मला दोनदा.”

“कागद राहू दे. तोंड सांगा.”

तिने डोळे मिटले. पळी हातातच होती. “मिशी. गालाची हाडं वर आल्याली. खाली बघतोय सारका. म्या रडतीया, पर मान वर करून बघंना. आन् कानावर पेन्सिल.”

मी हात वर नेला. पेन्सिल कानावर होती. टायपिंगमधल्या चुका खुणावायला ती मला लागते आणि टेबल सोडताना काढून ठेवायचं मला कधी सुचत नाही. मालनने डोळे उघडले आणि आम्ही दोघेही त्या पेन्सिलीकडे बघत राहिलो.

“बाई, चोर कानाला पेन्सिल लावून आला होता?”

“अगं बया,” ती पुटपुटली. “आसं कसं हुईल? पर दिसती खरी. आन् टकटक, टकटक आवाज यीत हुता.”

“उसात?”

तिने पळी पातेल्यात ठेवली.

“त्या दिवशी तिथून तुम्ही कुठे गेलात?”

“घरी. मग भाऊजींनी चौकीत नेलं. थेट.”

“मध्ये कुठे थांबला होता?”

“म्हाईत न्हाई वो. तेनी हात धरून न्हेत हुतं, मी जात हुते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. मी टाइप केलेल्या प्रत्येक कागदाची एक कार्बन प्रत तारेला लावून ठेवायचो. ती तार माझ्या डोक्यावर, कडुनिंबाच्या खिळ्याला लटकत असायची. टेबलापाशी येऊन मी ती खाली काढली आणि सात आठवडे मागे गेलो. चौऱ्याहत्तर कागदांच्या खाली तिची प्रत निघाली. मालन महादेव गुरव, राहणार येळवण, फौजदारसाहेबांना तक्रार अर्ज. खाली तिची वेडीवाकडी सही.

म्हणजे पाटावरून सुटल्यानंतर तासाभराने ही बाई माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली होती. अर्धा तास तरी. रडत, थरथरत, तिने सगळं सांगितलं होतं आणि तिच्यापुढे एकच तोंड होतं, माझं. चोराचं तोंड तिला दिसलंच नव्हतं. भीती तशीच होती, आणि त्या भीतीला जे पहिलं तोंड सापडलं ते तिने धरून ठेवलं. इथपर्यंत मला मोठा आनंद झाला. कोडं सुटलं म्हणून मी चक्क मांडीवर थाप मारली. साक्षीदाराचं डोकं कसं चालतं ते मी, येळवणचा टायपिस्ट, शोधून काढलं होतं.

मग मी अर्ज वाचला.

“...अंदाजे तीस वर्षे वयाचा, मध्यम उंचीचा, सडपातळ बांध्याचा, काळासावळा, मिशी राखलेला इसम...”

मी ती ओळ दोनदा वाचली. मालनला हात आठवत नव्हता, सदरा आठवत नव्हता. मग बांधा कुणी सांगितला? मी तारेवरचा आधीचा तक्रार अर्ज काढला. निंबगावची शेळी चोरीला गेली होती. नेणारा अंदाजे तीस वर्षे वयाचा, मध्यम उंचीचा, सडपातळ बांध्याचा, काळासावळा, मिशी राखलेला. सायकल चोरणारा तोच. विहिरीवरची मोटर रात्री काढून नेणारा, ज्याला कुणी बघितलंच नव्हतं, तोही तोच.

हे कसं सुरू झालं ते मला हळूहळू आठवलं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत चौकीतून अर्ज परत यायचे. वर्णन नाही, म्हणायचे. लोक बिचारे घाबरलेले असायचे, त्यांना काही सांगता यायचं नाही. मग मी विचारायचो, मिशी होती का? ते मान हलवायचे. सडपातळ होता का? ते मान हलवायचे. पुढे पुढे मी विचारणंही सोडलं. बोटांना ती ओळ पाठ झाली होती. अर्ज परत यायचे थांबले आणि बिडकरांचा अर्ज पक्का असतो असा माझा लौकिक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना हात थांबला. आरशात अंदाजे तीस वर्षे वयाचा, सडपातळ, काळासावळा, मिशी राखलेला इसम गालाला साबण लावून उभा होता. पाच वर्षं मी सगळ्या तालुक्याला माझंच वर्णन पुरवत होतो. ते हातात घेऊन जगदाळे पाटाकडेने गेले आणि त्यात बसणारा पहिला गरीब माणूस त्यांनी उचलला. म्हणूनच तर शिपाई मला म्हणाला होता, आजचा तुमच्यासारखाच आहे. आदल्या दिवसाचा आनंद आठवून लाज वाटली.

सगळ्या प्रती घेऊन मी हर्डीकर साहेबांकडे गेलो. त्यांनी एकेक कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला.

“बिडकर, हे दाखवल्यावर तुमचं टेबल इथून उठणार, हे कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय, साहेब.”

“परेडच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बाई कधी पाहिली नाही.”

“खरंच पाहिली नव्हती.”

“अर्धा तास समोर बसली होती.”

“बसली होती. मी खाली बघून टाइप करत होतो.”

साहेबांनी चष्मा परत चढवला. “परेड मला रद्द करता येणार नाही,” ते म्हणाले. “तिने काय म्हणायचं ते मी सांगायचं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. पण तिच्या सहीचा कागद आहे. त्यात काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, हे कळायचा तिला हक्क आहे.”

त्या संध्याकाळी मी मालनच्या घरी गेलो. सासू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मालनचा नवरा एसटीत ड्रायव्हर, मुक्कामी गेलेला. मी अर्ज सावकाश वाचून दाखवला. मालन दारात उभी राहून ऐकत होती.

“ह्यातलं माझं काय हाय?” तिने विचारलं.

“तारीख, वेळ, जागा. आणि कोयता.”

“आन् मानूस?”

“माणूस माझा. तुम्ही सांगितला नव्हता. मी घातला.”

सासूने शेंग टाकली. “आता ह्ये नवीनच! मानूस न्हवता, मग मंगळसूत्र गेलं कुटं? म्हायारी गेलं का? मी पैल्यापासनं म्हनतीया, चोराचं नाव आन् म्हायारचं गाव.” मग सुनेकडे वळून म्हणाली, “शुक्रवारी लाव हात त्येला आन् हो मोकळी. फौजदार काय खुळा हाय व्हय?”

तेव्हा मला कळलं की ही बाई परेडला जाताना कशी जात असेल. तिला चोर हवा होता. चोर सापडला नाही तर या घरात तीच चोर ठरणार होती. मला तिला सांगावंसं वाटलं की बाई, त्या माणसाला हात लावू नका. साहेबांनी बजावलं होतं, म्हणून मी जीभ चावली आणि कागद तिच्या हातात देऊन निघालो. तिने तो घडी घालून चोळीत ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी मला परेडचा पंचनामा टाइप करायला बोलावलं. फाटकाशी जगदाळे भेटले. या खेपेला ते हसले नाहीत. “तुझं टेबल उठलं समज,” म्हणाले. मी अंगणाच्या कोपऱ्यात टाइपरायटर ठेवून बसलो. ओळीत सहा परगावची माणसं आणि पाचव्या जागी यल्लाप्पा. बाहेर भिंतीपाशी नागव्वा बसली होती. तिने त्या दिवशी भाकरी आणली नव्हती.

मालन आली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. यल्लाप्पापुढे ती थांबली. त्याने डोळे मिटून घेतले. तिचा हात पदरातून बाहेर आला आणि वर उठला. माझी बोटं कळफलकावर तशीच राहिली. तो हात किती वेळ तसा होता कुणास ठाऊक. मी शपथेवर सांगायला गेलो तर पाच मिनिटं म्हणेन, आणि ते नक्की चूक असेल.

मग तिने हात खाली घेतला.

“सायेब, ह्यातलं एकबी तोंड मला ठावं न्हाई.”

“म्हणजे चोर यात नाही?” साहेबांनी विचारलं.

“तसं न्हाई म्हनत. आसंल, नसंल. चोराचं तोंड मला दिसलंच न्हाई. त्या दिशी टायपिस्टाला हात लावला, त्येबी चुकलं माझं. मला कोयता दिसला.” तिने मोठा श्वास घेतला. “तुमी कोयतं मांडा. मी कोयता वळकीन.”

ओळीतला एकजण फिस्सकन हसला. हर्डीकर साहेब हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि शिपायाला म्हणाले, “मुद्देमालाचीही ओळख परेड असते. नियमात बसतं. जा, दहा कोयते गोळा कर. आणि फौजदारांकडून जप्तीतला घेऊन ये. त्यावरची चिठ्ठी काढून आण.”

अर्ध्या तासाने अंगणात गोणपाट अंथरलं आणि त्यावर अकरा कोयते ओळीने मांडले. ऊसतोडीचे होते, नारळवाल्याचा होता, कचेरीच्या माळ्याचा होता. मालन त्यांच्यापुढे उकिडवी बसली. मागच्या खेपेला माझ्या खांद्यावर थरथरणारे तेच हात. आता ते बाजारात भेंडी निवडावी इतके शांत चालत होते. ती कोयता उचलायची, मूठ फिरवून बघायची, पात्यावर अंगठा फिरवायची.

“ह्येची मूठ लिंबाची. ह्येला तार हाय, सुतळी न्हाई. ह्यो लई जड.” आठवा कोयता तिने जरा जास्त वेळ धरला. मला माहीत होतं, तो यल्लाप्पाच्या झोपडीतला. “ह्येला खाचा हायत्या, पर लई. दगडावर बसून पडल्याल्या. आन् मूठ बोडकी.” तो तिने खाली ठेवला. अकराही बघून ती उठली. “ह्यात न्हाई.”

“खात्री आहे?”

“कोयत्याची हाय,” मालन म्हणाली.

तिचं प्रत्येक वाक्य मी तिने म्हटलं तसंच टाइप केलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच मला मान वर करून करून टाइप करावं लागलं, आणि चुका फार झाल्या.

खरा चोर कधीच सापडला नाही. मालनच्या सासूने तिला पुढे वर्षभर टोमणे मारले, असं ऐकलं. त्याबद्दल मी काही करू शकलो नाही. माझं टेबल सोमवारी उठलं. यल्लाप्पाची केस कोर्टात उभीच राहिली नाही आणि पुढच्या बुधवारी त्याला सोडलं. तो फाटकातून बाहेर आला तेव्हा मी भिंतीपाशी नागव्वाजवळच उभा होतो. मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. माफी मागायची होती, हे तर खरंच. पण सांगून हलकं व्हावं, असाही स्वार्थ होता.

“यल्लाप्पा, तुला ज्या कागदावरून धरलं त्यातलं वर्णन मी लिहिलं होतं. बाईने सांगितलं नव्हतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “राग हुता व्हय माज्यावर?”

“छे रे. राग कसला? मी तुला ओळखतही नव्हतो. त्या पहिल्या परेडच्या आधी मी तुला कधी पाहिलंसुद्धा नाही.”

तो रागावेल, शिवी देईल, अशी माझी तयारी होती. तो नुसता बुचकळ्यात पडला.

“आसं कसं, अण्णा?” तो म्हणाला. “दोन दिवाळ्या झाल्या, तुमच्याच अंगनात बसून पाट्याला टाकी लावतूय. वैनी च्या देत्यात. तुमी हितं, आन् मी हितं.” त्याने हाताने दाखवलं, दोन हातांचं अंतर होतं. “तुमी पेपर वाचत बसता. गेल्या साली म्हनाला न्हाई का, कच उडतीया, जरा तिकडं सरक?”

नागव्वाने त्याची वळकटी उचलली आणि दोघं पाटाच्या वाटेला लागली. मी तिथेच उभं राहून आठवून पाहिलं. दिवाळीआधीचं अंगण आठवलं. नवी टाकी लागलेला पाटा आठवला, पेपरवर उडालेली दगडाची कचसुद्धा आठवली. त्याचं तोंड काही केल्या आठवेना.

मालनच्या गळ्याशी निदान कोयता तरी होता.